पत्र्यामागच्या इमारतीतले मतदार कुठे राहतात? राज्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

15 जानेवारी 2026 ला आम्ही घरातले चौघे अंधारातच डोंबिवलीहून स्लो लोकलने निघालो आणि मतदान सुरू व्हायच्या आत, म्हणजे साडेसातच्या आधी, करी रोडला उतरलो. मुंबई महापालिकेची निवडणूक 2017 नंतर पहिल्यांदाच होत होती. लालबागची आमची इमारत दोन वर्षांपूर्वी पुनर्विकासाला गेली. आता तिथे पत्रे लागलेत, आत क्रेन उभी आहे. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, पण पर्यायी जागेचा करार रीतसर नोंदवलेला आहे आणि त्याच जागेवर परत यायचे आहे.

आमच्या मजल्यावरच्या काकू, वय 78, बदलापूरहून आल्या होत्या. हातात ओळखपत्र, पिशवीत पाण्याची बाटली आणि डबा. केंद्रावरच्या माणसाने यादी तीनदा चाळली. नाव नव्हते. काकू म्हणाल्या, "अरे, लग्न होऊन आले तेव्हापासून इथंच मत देतेय मी." त्या माणसाच्या हाती काही नव्हते, आणि तो बिचारा नीट बोलला. परत जाताना काकूंना जुनी जागा बघायची होती म्हणून आम्ही तिकडे वळलो. गेटशेजारी पत्र्यावर एक नोटीस चिकटवलेली होती, पावसाने शाई उतरलेली. खोली क्रमांक तेवढा वाचता आला, आणि खाली एक शब्द : स्थलांतरित.

ती कोणी लावली, हे मला शोधायचे नाही. ज्याने लावली त्याने बहुधा नियमच पाळला असेल. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 22 नुसार, मतदार आता इथे राहत नाही म्हणून नाव वगळायचे असेल, तर त्याला आधी म्हणणे मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. पण जी इमारत जमिनीवर नाही तिच्या पत्त्यावर लावलेली नोटीस ही कसली संधी? काकू बदलापुरात होत्या. त्यांचा तिथला पत्ता सोसायटीकडे आहे, आणि विकासकाकडेही आहे. दरमहा भाडे जाते त्या खात्याचा क्रमांकसुद्धा त्याच्याकडे आहे.

त्याच कायद्याचे कलम 20 मी पुन्हापुन्हा वाचले. केवळ घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, हे त्यात आहे. राहत्या ठिकाणापासून तात्पुरता दूर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही, हेही त्यातच आहे. मग पुनर्विकासात गेलेला माणूस यांपैकी कोण? करारात 36 महिने लिहिलेले असतात. ते किती लांबतात हे गिरणगावात कुणाला सांगायला नको. तात्पुरते म्हणजे किती, हे कुठेच ठरवलेले नाही, त्यामुळे ते टेबलामागच्या माणसाच्या मनावर राहते. एकाच मजल्यावरच्या आम्हा चौघांची नावे राहिली आणि काकूंचे गेले, ते त्यामुळेच.

नवीन पत्त्यावर नाव घालायला गेलेल्यांची कथा वेगळी. नवीन मतदारासाठी नमुना 6, पत्ता बदलण्यासाठी नमुना 8. पण गल्लीतला कार्यकर्ता सरसकट 6 नंबरचाच फॉर्म भरून घेतो. जुने नाव तिथेच राहते, नवे इथे लागते, आणि आयुष्यात कधी दोनदा मत न दिलेला माणूस दुबार मतदार होऊन बसतो. या वेळी अशा नावांपुढे दोन तारे होते आणि दुसरीकडे मतदान करणार नाही, असे हमीपत्र लिहून द्यावे लागत होते. खोटा मतदार पकडायला ही व्यवस्था हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नमुना 6 मध्ये खोटी माहिती दिली तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, हे सही करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. लालबाग-परळमधून किती कुटुंबे या दोन ताऱ्यांत अडकली असतील, याचा विचार केला की जीव तुटतो.

आपले उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते कायद्याने बरोबरही आहे. महापालिकेची यादी आयोग नव्याने करत नाही. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झालेली विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडली जाते. या वेळी 1 जुलै 2025 ची यादी घेतली. प्रारूप यादीवर हरकत घेता येते, पण लेखनिकाची चूक असेल, नाव चुकीच्या प्रभागात गेले असेल किंवा विधानसभेच्या यादीत असूनही सुटले असेल तर. मूळ यादीतूनच जे नाव गेले, त्याला तिथे दाद नाही. म्हणजे काकूंचे मत गेले ते महापालिकेच्या निवडणुकीत, आणि त्याची वाट मात्र दुसऱ्याच दारातून जाते. ते दार ठोठावायला आपण आमच्यापेक्षा मोठे आहात, म्हणून हे पत्र आपल्याला.

उमेदवाराला मुंबईत कुठल्याही एका प्रभागात मतदार असणे पुरते, तो 227 पैकी कुठूनही उभा राहू शकतो. त्यावर माझा आक्षेप नाही. पण ज्याला निवडायचे, त्याला एवढी मोकळीक, आणि ज्या बाईचे घर याच प्रभागात उभे राहते आहे, तिला निवडायचाही हक्क नाही, हे मनाला पटत नाही. शेजारचा रस्ता किती रुंद होणार, पाण्याची लाइन कुठून येणार, हे तिच्या दाराशी ठरणार आहे.

मतदान केंद्राबद्दलही सांगतो. विधानसभेला 2024 मध्ये आम्ही गल्लीतल्या शाळेत मत दिले. या वेळी माझे केंद्र वेगळे, बायकोचे त्याहून वेगळे. प्रभागाच्या हद्दीप्रमाणे यादी फुटते, हे मान्य. पण मतदार चिठ्ठ्या वाटायला आलेला माणूस पत्रे बघून परत गेला. जवळ राहणाऱ्याला शेजारी सांगतो, तास-दीड तास लोकलने येणाऱ्याला कोण सांगणार?

माझी विनंती अशी. ज्यांचा पर्यायी जागेचा करार नोंदवलेला आहे, त्यांना जुन्या प्रभागात राहायचे की नमुना 8 भरून नव्या जागी जायचे, हे एकदाच लेखी निवडू द्यावे, आणि जे निवडले तेवढेच एक नाव ठेवावे. ही गोष्ट मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे आपण लेखी मांडावी. बांधकाम सुरू असलेल्या प्रत्येक इमारतीची रहिवाशांची यादी, सध्याच्या पत्त्यांसह, सोसायटीकडून किंवा म्हाडाकडून मागवावी. नाव वगळायची नोटीस त्या पत्त्यावर आणि मोबाइलवर जावी. केंद्र मात्र थेट आपल्या अखत्यारीतले आहे : पाडलेल्या एका इमारतीचे सगळे मतदार एकाच केंद्रावर ठेवावेत आणि त्याचा पत्ता आठ दिवस आधी फोनवर कळवावा.

काकूंचा नमुना 6 मी परवा भरला, जुन्या पत्त्यावर, करार आणि भाड्याच्या पावत्या जोडून. तो मंजूर होईल का, हे त्या रोज फोन करून विचारतात.

आपला,
लालबागचा एक मतदार
(सध्या मुक्काम डोंबिवली पूर्व)