किमान तापमान नेमकं कुठल्या पुण्याचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीत आपल्याकडे 'पुणे गारठले' असा मथळा आला की आमच्या रिक्षा स्टँडवर हशा पिकतो. मी हडपसरला राहतो. जानेवारीतही पहाटे पाचला गाडी काढतो तेव्हा स्वेटर सीटखालीच असतो. पाषाणचं भाडं लागलं, की विद्यापीठ चौक ओलांडून एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) झाडीत शिरेपर्यंत हँडलवरची बोटं बधिर होतात. गाडी कडेला घेऊन स्वेटर चढवायचा आणि परतताना पूलगेटला काढायचा. अजून नीट उजाडलेलंही नसतं.

आपण छापता तो आकडा शिवाजीनगरचा, म्हणजे सिमला ऑफिसचा. (हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून इथं आलं म्हणून हे नाव. आता ते दिल्लीला असलं तरी आम्ही पत्ता तोच सांगतो.) आकडा चोख असणार, पण तो तिथला. खातं पाषाण, लोहगाव, मगरपट्टा इथलेही आकडे देतं. थंडीत आमच्या हडपसरातल्या मगरपट्ट्याचं किमान तापमान शिवाजीनगरपेक्षा कित्येकदा पाच-सहा अंशांनी जास्त असतं.

उन्हाळ्यात हीच गोष्ट अंगावर येते. आमचं घर वरच्या मजल्यावर. रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवली तरी कोमट लागते, नळाला गरम पाणी. थोरली भूगोलात एम.ए. करतेय. ती म्हणते, ऊन सगळीकडे सारखंच पडतं. ओली माती आणि झाडं त्यातलं बरंचसं पाण्याची वाफ करण्यात खर्च करतात, स्लॅब आणि डांबर ते पोटात ठेवून रात्रभर सोडत बसतात. इमारती दाटीनं उभ्या, त्यामुळे ती ऊब आभाळाकडे जायलाही वाट नाही. लंडनच्या रात्री भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असतात, हे ल्यूक हॉवर्ड नावाच्या गृहस्थानं दोनशे वर्षांपूर्वीच मोजून लिहून ठेवलंय म्हणे. तेव्हा एसी नव्हते. आता एसीवाल्यांची खोली गार आणि गल्लीत गरम झोत माझ्या तोंडावर.

कमाल तापमानाची बातमी होते, पण दुपारी झाडाखाली गाडी लावता येते. रात्री कुठं जाणार? दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, की तिसऱ्या पहाटे सिग्नलला डुलकी येते.

तेव्हा विनंती एवढीच, की पुण्याच्या नावापुढे एकच आकडा न छापता चार ठिकाणचं किमान तापमान छापावं, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. जागा नसेल तर राशिभविष्यातली एक रास गाळा. माझी कर्क आहे, माझी हरकत नाही.

आपला,
एक रिक्षाचालक, हडपसर, पुणे