वाचलंस की जाळ

पूर्व प्रशिया, १२ नोव्हेंबर १९४४

प्रिय बाळा,

तुझी गाडी सुटली आणि बोलायचं ते राहूनच गेलं. हे टपालाने धाडत नाही. तुमच्याच रेजिमेंटचा एक हवालदार रजेवरून परत निघालाय, त्याच्या हाती देतोय. वाचलंस की जाळ.

परवा जेवताना टेबलाखालून लाथ मारली, त्याचा राग धरू नकोस. पण नाझी पक्षाच्या माणसासमोर 'लढाई हरल्यात जमा आहे' म्हणायचं? सूप वाढता वाढता आईचा हात थांबला. श्टाइनऑर्टच्या लेनडॉर्फला, जुलैतल्या हिटलरविरोधी कटापायी, सप्टेंबरात बर्लिनला फासावर चढवलं. पस्तीस वर्षांचा. बायको पोटुशी होती, तिलाही धरलं, पोरी वेगळ्या नेल्या. आपल्या नावातलं 'फॉन', ती सरदार घराण्याची खूण, हल्ली गळ्यातली घंटा झालंय. तोंड आवर.

झालं, पुन्हा उपदेश. राहू दे.

गोल्डाप गाव रशियनांकडून परत घेतलं म्हणतात. ट्राकेनेनच्या पागेतले घोडे गेल्या महिन्यातच पश्चिमेला हलवले, माणसांनी मात्र निघायची तयारीसुद्धा करायची नाही, गाउलायटर कोखचा, म्हणजे प्रांताच्या पक्षप्रमुखाचा, हुकूम. मी कोठारात गवताआड एक गाडी तयार ठेवलीय. कमानींवर दिवाणखान्यातला गालिचा ठोकलाय, नक्षी आतल्या बाजूला. लष्कराने नेऊन उरल्या दोन म्हाताऱ्या घोड्या. लोहाराने त्यांच्या नालांना बर्फात चालायचे खिळे मारून दिले, कशाला म्हणून विचारलंही नाही. आणि सत्तावन्नाव्या वर्षी माझ्या दंडावर फोल्क्सश्टुर्मची, म्हाताऱ्या-पोरांच्या फौजेची, पट्टी, हाती जुनी इटालियन बंदूक. हसू नकोस.

सात वर्षांचा होतास, तळ्यावरचा बर्फ फुटून आत पडलास. पैज कुणी लावली ते विचारून मी थकलो. निळ्या ओठांनी मार खाल्लास, पण नाव सांगितलं नाहीस. माझ्या ओव्हरकोटात गुंडाळून आणलं होतं तुला, अजून त्याच्या अस्तराला डाग आहे. तेव्हा तुझ्या गप्प बसण्याचा राग आला होता. आता तसाच गप्प बस ना रे. मेसमध्ये, पिऊन झाल्यावर, मित्रांतसुद्धा.

खरं सांगू? तू तोंड उघडलंस तसं अकरा वर्षांपूर्वी, हिटलर सत्तेवर आला तेव्हा, मी उघडायला हवं होतं. मी त्यांचा झेंडा लावला.

आईने मोजे दिलेत, दोन जोड. एकात तंबाखू आहे, तिला माहीत नाही.

तो पक्षवाला काल पुन्हा आला होता. तुझी रेजिमेंट कुठली, विचारत होता. म्हटलं, वय झालं, लक्षात राहत नाही.

बाबा