चि. ताई, झोप होते ना?

मुक्काम, शुक्रवार रात्र

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी ओरडलो. "जमत नसेल तर घरी ये" म्हणालो. तू नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवलास. ते "बरं" आठवडाभर कानात आहे. फोनवर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहितोय. आज एसटीची मुक्कामी गाडी आहे, गाडीतल्या दिव्याखाली बसलोय.

तिकडे पुण्यात तुझ्या खोलीतली मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत स्पीकरवर बोलते, काही म्हटलं की चार दिवस अबोला धरते, हे आईकडून कळलं. मला एकच विचारायचंय. झोप होते का?

चोवीस वर्षं झाली मला गाडीत, कंडक्टर म्हणून. छोट्या तिकिटाला पाचशेची नोट काढून वर आवाज चढवणारा रोज भेटतो. नवीन होतो तेव्हा एकेकाला उत्तर द्यायचो. एकदा फलटणपर्यंत एकाशी भांडलो. तेव्हा तिकिटाचं मशीन नव्हतं, ट्रेमधून तिकिटं फाडायचो. सगळी गाडी माझ्या बाजूने होती. रात्री हिशेबात एकशे चाळीस रुपये कमी आले, ते खिशातून भरले. तेव्हापासून तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहितो आणि पुढच्या सीटकडे सरकतो. पैसे उतरताना देतो, तोवर तोही निवळलेला असतो.

तूही तिला रात्री दोनला काही बोलू नकोस. सकाळी चहाच्या वेळी एकटीला गाठ आणि एकच माग: अकरानंतर फोन बाहेर गॅलरीत. "तू नेहमी असंच करतेस" म्हणू नकोस. "नेहमी" म्हटलं की समोरचा माणूस मागचं सगळं उकरून काढतो. तरी नाहीच ऐकलं तर कॉट बदल. डिपॉझिट बुडालं तर बुडू दे, पण झोप मोडू नकोस.

बघ, पुन्हा तिथंच आलो.

अभ्यासिकेत बारा तास बसते म्हणालीस. दिवाळीत तुझं राज्यघटनेचं पुस्तक चाळलं होतं, पानंच्या पानं पिवळी केलेली. सगळंच महत्त्वाचं ठरवलं तर शोधायचं काय? आम्ही प्रत्येक टप्प्याला हिशेब मिटवतो, तेव्हा कुठं शेवटी मेळ लागतो. तू चाळीस मिनिटं वाच, पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. मग उघडून बघ काय सुटलं. धडा घेण्याआधी जुन्या प्रश्नपत्रिकेत त्यावर काय विचारलंय ते पाहा, म्हणजे डोळे नेमकं तिथं थांबतील. एका विषयाची तीन पुस्तकं घेण्यापेक्षा एकच तीनदा वाच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, नऊ पेपर हाताने लिहायचे, तिथं नुसतं वाचलेलं उपयोगी पडत नाही. आणि पूर्वपरीक्षेत चार उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. जागरण झालेलं डोकं अंदाजाने गोल काळे करतं गं.

फार शिकवतोय. माफ कर. बारावीनंतर मी एकही परीक्षा दिली नाही, हे मला माहीत आहे.

तू दुसरीत असताना सुट्टीत माझ्या गाडीत यायचीस. पुढच्या सीटवर गुडघे टेकून बाहेरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायचीस. गोंदवले, म्हसवड, "विनंती थांबा". विनंती कुणाला करायची, असं तू विचारलंस आणि चालकानं खरंच गाडी थांबवली. एका आजींनी तुझ्या मुठीत खडीसाखर दिली, ती तू उतरेपर्यंत खाल्ली नाहीस, आक्काला अर्धी द्यायची म्हणून.

आक्काच्या दुखण्याचीही सुरुवात झोप उडण्यापासूनच झाली होती. तेव्हा मी मुक्कामाच्या ड्युट्या घेत राहिलो, विचारलं नाही. म्हणून रविवारी ओरडलो. रागावलो नव्हतो, ताई.

परवा डेपोत साहेबांनी विचारलं, मुलगी काय करते. "राज्यसेवेची तयारी करते, पुण्यात" म्हणालो. निकालाचं काही बोललो नाही, आणि तूही माझ्यासाठी त्याचा विचार करू नकोस.

रविवारी सकाळच्या पुण्याच्या गाडीने डबा पाठवतोय. शेंगदाण्याची चटणी, भाकऱ्या आणि आईने शिवलेली पातळ गोधडी. स्वारगेटला साडेदहापर्यंत ये, चालक आपल्यातलाच आहे. डबा मिळाला की फोन कर. दुपारी कर, रात्री जागू नकोस.

तुझे,
आण्णा