‘कळवतो’ म्हणजे काय

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी चिडलो आणि तू फोन ठेवलास. बोलताना मला नीट सुचत नाही, म्हणून लिहितोय. आईला वाचायला दिलं होतं, तिने दोन वाक्यं खोडायला लावली.

डिसेंबरात कंपनीत जपानी पाहुणे येणार, दहा दिवस दुभाषी हवा, दिवसाचे पैसे चांगले. मी साहेबांना ‘आमची मुलगी आहे ना’ असं सांगून बसलो होतो. आणि तू म्हणालीस, नको, सुट्टीत सिद्धम या संस्कृत लिहायच्या जुन्या लिपीवरचं वाचन पुरं करायचंय. त्यावर मी म्हणालो, असल्या लिपीला पगार कोण देतं? हे बोलायला नको होतं.

तू सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा देऊन दिल्लीत जेएनयूला जपानीच्या बी.ए. ऑनर्सला गेलीस, तेव्हा विचारेल त्याला मी एकच उत्तर देत होतो: ‘चाकणला जपानी कंपन्या आहेत, नोकरीची काळजी नाही.’ ते उत्तर माझ्या सोयीचं होतं. मनात मात्र यायचं, एवढ्यासाठी दिल्ली कशाला? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे गल्लोगल्ली क्लास आहेत. एन-फाइव्ह या पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची, वरची एन-टू झाली की कामाला लागायचं.

राग उतरल्यावर रात्री एक जुनी गोष्ट आठवली. तू तिसरीत असशील. एका भागाचं डिझाइन थोडं बदलावं, असं आम्ही पाहुण्यांपुढे मांडलं. ते प्रत्येक वाक्याला ‘हाय, हाय’ करत होते. शेवटी म्हणाले, ‘केन्तो शिमासु.’ दुभाष्याने सांगितलं, ‘आम्ही विचार करतो.’ आम्ही खूश, घाईघाईने त्या भागाची नवीन डाय, म्हणजे साचा, बनवायला टाकली. दोन महिने काही उत्तर नाही. मग उमजलं की नकार त्याच दिवशी मिळाला होता. ‘हाय’ म्हणजे नुसतं ‘ऐकतोय’. दुभाष्याचा एक शब्द चुकला नव्हता, बरं का. पण मुलगी बघून गेलेली मंडळी ‘कळवतो’ म्हणतात, त्याचा अर्थ शब्दकोशात कुठे सापडतो? ती डाय अजून स्टोअरमध्ये पडून आहे.

सिद्धम शिकून ‘केन्तो शिमासु’ उलगडेल असं नाही, एवढं मलाही समजतं. तरी तू पाठवलेला ‘काना’ या जपानी अक्षरांचा तक्ता मोबाइलमध्ये शोधून काढला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचला. अ, इ, उ, ए, ओ. मग ओळी: क, स, त, न, ह, म, य, र, व. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘हे तर आपलंच!’ तू खाली लिहिलं होतंस की ‘ह’च्या ओळीत पूर्वी ‘प’ होता, आणि ‘स’चा उच्चार ‘च’च्या जवळचा असावा असं मानतात. तसं धरलं तर क, च, त, प, पुढे य, र, व, सगळं आपल्या वर्णमालेच्या क्रमाने! संस्कृत मंत्र नीट म्हणता यावेत म्हणून तिथले बौद्ध भिक्षू सिद्धम लिपी शिकले आणि त्यातून हा क्रम आला. ‘झेन’ या बौद्ध पंथाचा शब्दही ‘ध्यान’वरूनच, चीनमार्गे. बावीस वर्षं मी शॉपफ्लोअरवर ‘सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके’ या टापटीप-स्वच्छतेच्या जपानी नियमांच्या पाटीखालून जातोय, नव्या पोरांकडून ती पाठ करून घेतोय. यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. तुला विचारायचं तर लांबच, तू सांगायला लागलीस की मी पगारावर यायचो.

असंच शिकायला लांब गेलेले बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी गोव्यातलं घर सोडून निघाले, १९०२ साली सिलोनला पाली भाषा शिकायला गेले, पुढे फर्ग्युसनमध्ये शिकवलं, हार्वर्डला काम केलं. लोक हे कौतुकाने सांगतात. मला मात्र घरी राहिलेल्या त्यांच्या बायकोचं आणि तान्ह्या मुलीचंच वाटत आलंय. तू कुणाला मागे टाकून गेलेली नाहीस, आम्हीच जरा मागे पडलो.

नोकरीची काळजी मला वाटणार, ती काही जाणार नाही. रोजच्या वापराच्या २,१३६ कांजी, म्हणजे चिनीवरून घेतलेल्या लिपिचिन्हा, तुला लिहिता-वाचता याव्यात, हेही मी विचारत राहणार. वाचन कुठलंही कर, पण जेएलपीटीचा फॉर्म वेळेवर भर.

साहेबांना काल सांगितलं, मुलगी येणार नाही, दुसरा दुभाषी बघा. ‘कळवतो’ म्हणालो नाही, सरळ नाही म्हणालो. तिकीट मात्र काढ, चार दिवस तरी ये. ती पुस्तकं इथेही वाचता येतील, तुझं टेबल आहे तसंच आहे. मेतकूट आणि लसणाची चटणी कुरिअरने पाठवतोय.

तुझा,
बाबा