जॅक घेताना टन नव्हे, बंद उंची विचारा

संपादक महोदय,

पाऊस तोंडावर आला की वायपर, ब्रेक, टायर यांवर बरेच छापून येते. पाणंद रस्त्यावर रोज माल घेऊन जाणाऱ्या पिकअपच्या जॅकबद्दल मात्र कोणी लिहीत नाही. दुकानात गिऱ्हाईक विचारते, ‘किती टनाचा?’ तीन टनाचा जॅक भरलेल्या पिकअपचे एक चाक उचलायला पुरतो. अडचण वजनाची नसते, ती उंचीची आणि बुडाची असते.

हिशेब करून पाहा. २१५/७५ आर १५ मापाचा टायर हवा जाऊन पूर्ण बसला की चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम २२-२३ सेंटिमीटरवर येतो. त्यातून मागच्या अॅक्सलच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या कण्याच्या) नळीची निम्मी जाडी वजा केली की खाली साधारण १८ सेंटिमीटर जागा उरते. पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) नळीला आवळणाऱ्या यू-बोल्टची प्लेट खालून असेल तर त्याहून कमी. पाच टनी बॉटल जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर चालणारा) बंद असताना २० सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे महागातला जॅक गाडीत असूनही तो खाली शिरत नाही. खाली फळी घातली तर आणखी दोन-चार सेंटिमीटर जातात. म्हणून घरासमोर हवा भरलेल्या चाकाशी माप घेऊ नका, बसलेल्या चाकाचे घ्या. तरीही जागा पुरत नसेल तर सात-आठ सेंटिमीटर जाडीचा उतरता लाकडी ठोकळा गाडीत ठेवा. पंक्चर चाक आधी त्यावर चढवायचे आणि मग जॅक लावायचा.

वरची बाजूही पाहा. भरलेला टायर बसवायला अॅक्सल १२-१३ सेंटिमीटर वर यावा लागतो, आणि बुडाखालची माती दबली की तेवढी उचल वाया जाते. त्यामुळे डोक्याला फिरवून वाढणारा स्क्रू असलेला जॅकच घ्यावा. जॅक चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) लावला तर पाटे सैल होऊन अॅक्सल खाली लोंबतो आणि चाक सुटण्याआधीच दट्ट्या संपतो. मागे तो अॅक्सलच्या नळीलाच, पाट्याच्या जवळ लावावा, मधल्या गोळ्याला (डिफरन्शिअलला) नाही. पुढे विशबोन (सलग अॅक्सलऐवजी प्रत्येक चाकाचे वेगळे त्रिकोणी हात) असतील तर गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली जागाच धरावी. सस्पेन्शन उंच करून घेतलेले अनेक जण उंच जॅक शोधत फिरतात. पण सस्पेन्शन उंच केल्याने चासी वर जाते, अॅक्सल नाही. अॅक्सल वर जातो तो मोठ्या टायरने.

आता बूड. बॉटल जॅकचे बूड साधारण १० बाय १० सेंटिमीटर, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. त्यावर एक टन आले की दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, आणि ओल्या काळ्या जमिनीत जॅक रुततोच. ३० बाय ३० ची जाड प्लायची फळी घातली की हाच दाब एक किलोच्या थोडा वर येतो. वीट फुटते, जांभ्याचा तुकडा कोपऱ्यातून निसटतो, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये. चाके असलेला ट्रॉली जॅक गॅरेजच्या फरशीसाठी आहे, चिखलात त्याची चाके रुततात.

उंच दांड्याच्या फार्म जॅकची सध्या हौस दिसते. रुतलेली गाडी वर घेऊन चाकाखाली दगड भरायला तो उत्तम, पण गाडीला भक्कम लोखंडी बंपर किंवा साइड स्लायडर (दाराखालचा मजबूत लोखंडी पाइप) हवा. पत्र्याच्या बंपरला लावला तर बंपर वर येतो, गाडी तिथेच. गाडी खाली घेताना पकड सुटली तर त्याचा दांडा जबडा मोडेल इतक्या जोरात उसळतो, म्हणून डोके दांड्याच्या रेषेत आणू नये. पिनांत चिखल अडकला की तो मधेच अडतो. धुऊन हलके तेल द्यावे.

जॅक कोणताही असो, क्रम चुकला की घात. माल शक्य तितका उतरवा. स्टेपनी आधी खाली काढा. नट अर्धा आटा सैल करून घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा पाचर लावा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो, मागचे एक चाक उचलले की दुसऱ्या एकट्या चाकावर भार येतो. नुसत्या गिअरवर विसंबू नका. डिफरन्शिअल दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देतो, त्यामुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि गाडी सरकते. स्टेपनी चासीखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटला तर गाडी तिच्यावर बसते, माणसावर नाही.

हायड्रॉलिक जॅकमध्ये ब्रेक ऑइल घालण्याची खोड सोडावी, त्याने सील फुगतात. जॅक स्पंजासारखा दबत असेल तर आत हवा आहे. व्हॉल्व्ह उघडून दहाएक वेळा पंप मारावा, मग तेलाची पातळी पाहावी. दट्ट्या पुसून पूर्ण आत घालूनच जॅक ठेवावा, बाहेर राहिला तर गंजतो आणि तोच गंज सील कापतो.

विक्रेत्यांना एकच विनंती. खोक्यावर टनाचा आकडा मोठा छापता, त्याच्याच शेजारी बंद उंची आणि पूर्ण उंचीही तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा.

– एक गॅरेजवाला, जुन्नर