टॅब वाचायला बसलेल्या माझ्या तबलजीस

सातारा, रविवार

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तू बेस गिटार घेतलीस, हे वाचून मला जो आनंद झालाय तो फोनवर सांगण्यासारखा नाही, म्हणून पत्र. इतकी वर्षं तबला वाजवलेला माणूस बेसकडे वळला की तो ड्रमरचा जिवलग होणार हे नक्की, कारण त्या दोघांचं काम एकच असतं. गाणं त्यांच्या जोरावर उभं राहतं.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, शिकू की टॅबवर, म्हणजे तारा आणि आकड्यांच्या लिपीवर, भागवू, असं तू विचारलंस. बेलाशक टॅबवर सुरू कर. टॅब म्हणजे आळशांची पळवाट असं तुला कुणी सांगितलं, तर मनावर घेऊ नकोस. पेत्रुच्ची नावाच्या मुद्रकाने व्हेनिसमध्ये १५०७ साली ल्यूट या तंतुवाद्याची पुस्तकं छापली, तीही टॅबमध्येच. कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटमध्ये (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या कुठल्या घरात) बोट ठेवायचं हे सांगायला याहून सरळ लिपी नाही. चार रेघा, चार तारा. सर्वांत खालची रेघ जाड ई तारेची, मग ए, मग डी आणि वरची बारीक जी तारेची. बेस मांडीवर घेऊन वरून वाकून बघ, तारा तुला याच क्रमाने दिसतील. रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट. शून्य म्हणजे मोकळी, न दाबलेली तार.

आता एक गोष्ट खास तुझ्यासाठी. तू भातखंडे स्वरलिपीच्या वह्या वाचत वाढलास. तिथे स्वरापुढे आडवी रेघ आली की तो स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा, हे तुझ्या अंगात भिनलंय. टॅबमध्येही आकड्यांमध्ये तशाच आडव्या रेघा दिसतात, पण त्या नुसती तार दाखवतात. मात्रेशी त्यांचा संबंध असेलच असं नाही. साध्या टाइप केलेल्या टॅबमध्ये स्वर किती लांब, कुठे थांबायचं, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठे, यातलं काहीच धड नसतं. ते आपलं आपण ऐकून भरायचं. म्हणून माझं ऐक: टॅब वहीत उतरवून घे आणि प्रत्येक ओळीखाली बंदिशीसारखे विभाग पाड, चार-चार मात्रांचे. समेला फुली घाल. ‘खाली’चं (टाळी न देता मोजायच्या मात्रेचं) शून्य मात्र लिहू नकोस, मोकळ्या तारेच्या शून्याशी घोटाळा होईल.

सुरुवात ‘सेव्हन नेशन आर्मी’ने कर. २००३ चं गाणं, द व्हाइट स्ट्राइप्सचं. गंमत म्हणजे त्या बँडमध्ये बेसवादकच नव्हता, दोघांचाच बँड होता. ती प्रसिद्ध ओळ गिटारचा स्वर यंत्राने एक सप्तक खाली उतरवून वाजवलेली आहे. बेसवर ती एकट्या ए तारेवर येते: ७, ७, १०, ७, ५, ३, २. आकडे तुला चहा निवायच्या आत पाठ होतील. पण पहिला स्वर लांब आहे, दुसरा आखूड, मधले तीन ठेक्याला किंचित तिरके पडतात आणि शेवटचे दोन चांगले दोन-दोन मात्रा बसून राहतात. हे कुठल्याच आकड्यात नाही. आधी तोंडाने म्हण, तबल्याचे बोल म्हणतोस तसं, मग तारेला हात लाव.

त्यानंतर ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. १९८०, क्वीन. ओळ बांधली त्यांचा बेसवादक जॉन डीकन याने, आणि तिच्यावर गातो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फ्रेडी मर्क्युरी. टॅबमध्ये बघशील तर ०, ३, ५ एवढंच, तेही बहुतेक सगळं जाड ईवर. पहिल्या तीन मात्रांवर एकेक मोकळी ई आणि मग जागा. त्या जागेतच सगळी जादू आहे रे. मोकळी तार एकदा छेडली की ती घुमतच राहते, आणि घुमत राहिली की गाणं मेलं. म्हणजे शून्य लिहिलंय तिथे डाव्या हाताला काम नाही असं वाटतं, पण खरं काम तिथेच असतं. स्वर जेवढा हवा तेवढा वाजू द्यायचा आणि लगेच डाव्या हाताची बोटं तारेवर अलगद टेकवायची, दाबायची नाहीत. दाबलीस तर दुसराच स्वर उमटेल. एकाच बोटाने टेकवलंस तर कधी कधी एक बारीक शीळ निघते, म्हणून दोन-तीन बोटं एकदम टेकव. संथ लयीत, पायाने मात्रा देत, फक्त एवढंच करत बस. रेकॉर्डशी जुळलं की तुझ्या अंगावर काटा येईल, लिहून ठेव.

डावा हात पहिले काही आठवडे दुखेल. बेसची तार बहुधा ३४ इंची असते, त्यामुळे पहिलाच फ्रेट नटपासून (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून) जवळजवळ पाच सेंटिमीटर लांब पडतो. तिथे चार फ्रेटना चार बोटं लावायचा हट्ट नको. तर्जनी, मधलं आणि करंगळी तीन फ्रेटमध्ये ठेव, अनामिका करंगळीला आधार देईल. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकून शिकू नकोस. मोकळी ई साधारण ४१ हर्ट्झची, ती त्या एवढ्याशा डबीतून नीट येतच नाही. हेडफोन लाव.

एकच स्वर बेसवर दोन-तीन ठिकाणी मिळतो. मोकळी डी आणि ए तारेचा पाचवा फ्रेट, स्वर तोच, पण दुसरा जास्त भरीव लागतो. कोणता घ्यायचा हे स्टाफवरच्या नुसत्या स्वरातून कळत नाही, टॅब बोट ठेवून सांगतो. मात्र लोकांनी कानाने उतरवलेल्या टॅब असतात. दोन टॅब वेगळं सांगत असतील तर निवाडा रेकॉर्डचा.

पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ तुला लगेच खुणावेल, सात मात्रांचं आहे म्हणून. १९७३ चं. पण आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाचं तीन-दोन-दोनचं वजन तिथे शोधू नकोस. रूपकात समेवरच खाली असते, इथे पहिल्याच मात्रेवर रॉजर वॉटर्सचा जाड स्वर दणकून बसतो. सरळ एक ते सात मोज. गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं चारच्या चालीत शिरतं, तिथे सावध राहा. हे तिसरं घे, आधी नको.

दिवाळीत येशील तेव्हा बेस घेऊन ये. अॅम्प माझ्याकडे आहे, आणि वरच्या आळीतला तो ड्रमवाला पोरगा कधीही तयार असतो. वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा. वहीचा फोटो पाठव, विभाग कसे पाडलेस ते बघायचंय.

तुझाच,
श्री