भरूचहून, आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आईचा आवाज भरून आला आणि मला पुढे बोलवेना, म्हणून लिहितेय.

संभाजीनगरची बदली मी नाकारली. इथेच घर घेतलं, व्यवहार पूर्ण झालाय. आधी विचारलं असतं तर बाबा, तुम्ही "तुझ्या मनासारखं कर" म्हणाला असतात आणि रात्रभर कूस बदलत राहिला असतात. तिथे मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. इथे माणसं ओळखीची झालीत, कामावर विश्वास बसलाय. शिवाय घर मोठं आहे, तुमच्यासाठी वेगळी खोली आहे, हेही मी धरलंच होतं.

आणि लांब म्हणाल तर हा रस्ता आपल्याच सातवाहनांचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भरूचपासून आपलं पैठण वीस दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. आपल्याकडून गाड्या भरून अकीकासारखे दगड यायचे, तेर गावाहून सुती कापड, आणि इथून ते समुद्रापार जायचं. आता मी रात्री गाडीत बसले की सकाळी तुमच्या चहाला हजर.

त्याच ग्रंथात इथल्या भरतीचा धाकही आहे. परकी जहाजं नर्मदेच्या मुखाशीच फसायची, म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन पुढे जायचे आणि ती ओढत बंदरात आणायचे. नदी गाळाने भरत गेली, व्यापार सुरतेकडे सरकला. भरती मात्र अजून तशीच. इथल्या दशाश्वमेध घाटावर कुणीतरी सोडलेला झेंडूचा हार समुद्राकडे चालला होता. बघता बघता थबकला, जागच्या जागी फिरला आणि उलटा वर निघाला. आई, तू असतीस तर हात जोडले असतेस.

बाबांना किल्ल्याच्या टेकाडावर न्यायचंय. सालबाईच्या तहानंतर 1783 मध्ये हे गाव महादजी शिंद्यांकडे आलं आणि 1803 मध्ये इंग्रजांनी पुन्हा घेतलं. मी हे सांगायला लागले की तुम्ही मध्येच दुरुस्ती करणार, तीच मला ऐकायची आहे. खाली चौदाव्या शतकातली जामा मशीद आहे, तिचे खांब जुन्या देवळांचे. एकेका खांबावरचं कोरीव काम तुम्ही चष्मा सरकवून बघत बसाल. 1881 चा गोल्डन ब्रिजही आहे. शेजारी 2021 ला नवा पूल झाल्यावर त्याच्यावरची वाहनं थांबली.

पुराची काळजी करू नका. सप्टेंबर 2023 मध्ये धरणातून पाणी सोडल्यावर सखल भागात पाणी शिरलं होतं, म्हणूनच मी उंचावरची जागा बघितली. लिफ्ट आहे, कमोड आहे, दवाखाना जवळ आहे.

आई, नर्मदा परिक्रमेचं तुझ्या मनात किती वर्षांपासून आहे, ते मला ठाऊक आहे. गुडघ्यांना ते झेपणार नाही हे लिहिताना मला वाईट वाटतंय. पण इथे झाडेश्वरला परिक्रमावासी येतात, त्यात आपली मराठी माणसं खूप असतात. तिथे बसून त्यांना चहा द्यायचा, "नर्मदे हर" म्हणायचं. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी ज्या गोष्टी ऐकल्या, त्यातली नदी तुला दाखवायची आहे गं.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी रोज सकाळी, नाश्त्याच्या आधी की नंतर ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. दादाबरोबर खारी शिंग, म्हणजे इथले खारे शेंगदाणे, पाठवतेय, ती आईसाठी आहे. मिठामुळे तुम्हाला मूठभरच. आई, नाथमंदिरात दुपारच्या उन्हात अनवाणी जायचं नाही. दिवाळीनंतर थंडीत या, तिकिटं मी काढते, खालच्या बर्थची. येताना गुडघ्याचे एक्स-रे आणायला विसरू नका, इथल्या डॉक्टरांना दाखवू.

तुमची,
बाळी